तिसरा ठिपका

आमच्या कंपनीचं निरोपांचं ॲप फोनवर उघडेपर्यंत माणूस जिना चढून समोरासमोर बोलून यायचा. भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिराला, त्याचा भारी राग. ते माल रवाना करायच्या खात्यात, मी लिफ्टचे ब्रेक तपासायच्या खोलीत. कुणी सांगितलं नव्हतं, तरी सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून त्यांनी स्वतःचंच ॲप बनवलं. निरोप कंपनीच्याच सर्व्हरवरचे, खिडकी फक्त भाऊजींची.

"नसती उठाठेव," आमचे हे म्हणाले.

वापरणारे आम्ही दोघंच, पण भाऊजींची ऐट बघण्यासारखी होती. ॲप खरोखर चटकन उघडायचं. फक्त अर्धवट होतं. निरोप कुणीकुणी वाचला ते सर्व्हर कळवतो, आणि कंपनीचं ॲप त्यातलं सोयीचं तेवढंच दाखवतं. भाऊजींच्या ॲपला झाकपाक येत नव्हती. जो वाचेल त्याचा एक ठिपका, लिहिणाऱ्याचाही. आमच्या दोघांतल्या निरोपाखाली दोन ठिपके हवेत, तर कधीकधी तीन यायचे. तिसऱ्यावर बोट ठेवलं तरी नाव दिसत नसे.

"बग आहे, वहिनी," भाऊजी म्हणाले. "काढतो."

मी हसले होते. मग माझ्या यंत्रावर एका ब्रेकला तडा गेला. साहेब म्हणाले, पास कर. मी नाही म्हटलं, तर त्याच खेपेचे बाकीचे ब्रेक दुसऱ्याकडून पास करून घेतले, आणि तो अख्खा माल उंच इमारतींकडे निघाला. तडकलेला तुकडा मी पिशवीत घालून घरी आणला. दुसऱ्या दिवशी सरकारी तपासनीस येणार होते, त्यांच्या हातात तो द्यायचा, एवढं मी ठरवलं होतं. तुकड्याशिवाय माझ्या बोलण्याला काडीची किंमत नव्हती.

त्या संध्याकाळी मी जुने निरोप चाळले. "येताना दूध आणा" याखाली ठिपके दोन. "साहेब आज परत पास कर म्हणाले" याखाली तीन.

मी भाऊजींना स्वयंपाकघरात गाठलं. "बगला एवढं कसं कळतं हो, काय वाचायचं नि काय सोडायचं?"

ते दुखावल्यासारखे म्हणाले, "माझ्या ॲपमध्ये कुणी घुसलेलं नाही. उद्या काढतोच."

"तुकडा कपाटात आहे, चादरींच्या मागे. आणि यातलं एक अक्षरही फोनवर नको."

त्यांनी मान डोलावली.

सकाळी तपासनीस दुपारनंतर येणार असं कळलं. तुकडा जेवणाच्या सुट्टीत घरून आणायचा ठरवून मी कामाला लागले. आमच्या खोलीत फोन नेऊ देत नाहीत, तो बाहेरच्या खणात राहतो. सुट्टीत उघडला तर भाऊजींचा दोन तासांपूर्वीचा निरोप होता.

"वहिनी, बग काढला! ॲपची नवी आवृत्ती टाकून घ्या. तिसरा ठिपका गायब. आता निर्धास्त लिहा. चादरींमागचा तुकडा मी जाऊन आणू का?"

भाऊजींनी वाचणाऱ्याला बाहेर काढलं नव्हतं, फक्त स्वतःला तो दिसणार नाही एवढं केलं होतं. आणि खूश झाले होते. माझ्या फोनवर अजून जुनंच ॲप होतं. निरोपाखाली तीन ठिपके होते.

मी घरी फोन लावला. सासूबाईंनी तो बऱ्याच वेळाने उचलला.

"आई, कपाटाला कुणाला हात लावू देऊ नका."

"अगं, तुझ्या ऑफिसातले दोघं आलेत ना. तूच पाठवलंस म्हणाले. चादरी मीच काढून दिल्या. काय तो लोखंडाचा तुकडा, मिळाला त्यांना."

"गेले का ते?"

"नाही," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "काम झालं तरी बसूनच आहेत. दार आतून लावून घेतलंय त्यांनी. तू घरी कधी येतेस विचारतायत."