दाराजवळची जागा

त्या दिवशी वारा अगदी पडला होता. आभाळ भरलेलं, पण थेंब नाही. बसल्या जागी घाम फुटावा असा उकाडा. त्यात वीज गेली, पंखा थांबला, म्हणून मॅडमनी कधी नव्हे तो दरवाजा उघडा ठेवला.

मी त्या दाराजवळचं लाकडी स्टूल बोलतोय.

एका म्हाताऱ्या सुतारानं उरल्यासुरल्या फळ्यांतून मला बनवलं. पुढं रंगारी माझ्यावर चढले, ब्रश पुसून गेले. आता मी इथं, घराघरांतल्या गाठी सोडवणाऱ्या समुपदेशक मॅडमच्या खोलीत. समोर पांढराशुभ्र सोफा. मला अक्षर ओळखता येत नाही, पण माणूस बूड कसं टेकतो त्यावरून त्याचं ओझं कळतं.

मॅडम वाईट नाहीत हो. पण कोण कुठं बसलं हे आधी वहीत लिहितात, आणि का बसलं ते विचारायचं राहूनच जातं. त्याचाच मला वैताग.

आता हा गॅरेजमधला मिस्त्री बघा. लेक तेरा वर्षांची. तीन महिने झाले, बापाशी एक शब्द बोलत नाही, म्हणून शाळेनं इथं पाठवलं. हा मालकाकडून तासाची सवड मागून गाडीखालून थेट उठून येतो. बायकोला कामावरून सुट्टी मिळत नाही, म्हणून पोरीला शेजारीण आणते. "फक्त घरचेच आत," म्हणून ती बिचारी बाहेर बाकावर.

पहिल्या दिवशी त्यानं सोफ्याकडे हात नेला, स्वतःचा काळाकुट्ट तळवा पाहिला आणि गुपचूप माझ्यावर येऊन बसला. मॅडमनी लिहिलं, "वडील मुलीपासून अंतर ठेवतात." वाचूनही दाखवलं. तो खाली मान घालून "बरं" म्हणाला. शिकलेल्या माणसापुढं नजर वर करायची नाही, ही त्याच्या घरची रीत. तेही लिहून वाचून दाखवलं, "नजर चुकवतात."

मी करकरलो. चारी पायांनी सांगितलं, अहो बाई, त्याची तेलानं माखलेली विजार बघा! तर म्हणतात कशा, "हे स्टूल फार आवाज करतं, काढून टाकायला हवं." घ्या!

त्या उकाड्याच्या दिवशी तिसरी खेप. मॅडम म्हणाल्या, "हिला काही महिने वसतिगृहात ठेवावं असं मला वाटतं. आजच ठरवू या."

"ठेवा," खिडकीकडे बघत लेक म्हणाली. "बाबा कामावरून घरी आल्यावरही मला 'लांब हो' म्हणतात. इथं तरी कुठं जवळ बसतात?"

तो अर्धा उठला. सोफ्याकडे पाहिलं. तळवे विजारीला पुसले, पुन्हा पाहिले, आणि परत माझ्यावर बसला. मोडायचं असेल तर आपण आत्ताच मोडावं, असं मला वाटलं. निदान उठेल तरी!

मॅडमचं पेन कागदाला टेकलं.

तेवढ्यात उघड्या दारात शेजारीण येऊन उभी राहिली. मॅडमकडे तिनं पाहिलंही नाही.

"अहो भाऊ, सोफा धुता येतो. जा, बसा पोरीजवळ."