बाळासाठी ठेवलेली जागा

मी एक जुनी लाकडी गव्हाण आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. पारशिवनीच्या गोठ्यात बैलांनी कुटार खाता खाता मला चाटून गुळगुळीत केलं. गोठा मोडला तेव्हा प्रेमानंद सुतारांनी मला मागून घेतलं, पाय बसवले आणि नागपूरला वाडीतल्या आपल्या फ्लॅट स्कीममध्ये आणलं. बाळ येशूला गव्हाणीत निजवलं होतं, म्हणून दर नाताळात ते मला फाटकाजवळ मांडत. लोक कौतुकानं हात लावून बघत. एरवी मी जिन्याखाली धूळ खाते.

आमची एक रीत आहे. मला आठ दिवस आधी मांडायचं, पण रिकामीच. मातीचं बाळ चोवीस तारखेच्या संध्याकाळी प्रार्थना करून ठेवायचं. तोवर माझ्या जिवाला घोर असतो.

प्रेमानंद गेले. यंदा त्यांच्या मुलीनं, सोनिकानं, मला मांडलं. लगेच माझ्यामागे थर्माकोलचा बर्फ आला, सांताक्लॉज आला, 'सेल्फी पॉइंट' असा फलक आला. मुलं खूश होती, मीही काही मनाला लावून घेतलं नाही. पण तेवीस तारखेला सोसायटीचे सेक्रेटरी भैय्याजी यांनी भेटवस्तूंसारखे दिसणारे, चमकीचा कागद लावलेले रिकामे खोके माझ्यात काठोकाठ भरले. मी घाबरले. उद्या बाळ कुठं निजणार?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोनिका शालीत बाळ घेऊन आली नि थबकली.

"भैय्याजी, हे काय जी?"

"रिकामी पडली होती, म्हणून भरली. शोभा नव्हती वं."

"पडली नव्हती. बाळासाठी जागा ठेवली होती."

भैय्याजी ओशाळले. पण फोटोची रांग मोठी होती. "अर्धा तास थांब. पोरं नाराज होतीन. बाळाले सांताजवळ ठेव ना."

सोनिकानं बाळ छातीशी धरलं. तिचे डोळे भरून आले.

रांगेत दुसऱ्या मजल्यावरच्या अंजनाबाई होत्या. त्यांच्या घरी बुद्धाची मूर्ती आहे, नाताळ काही त्यांचा सण नाही. त्या नातीला घेऊन फोटोसाठी आल्या होत्या.

"फोटो राहू दे गा," शालीतल्या बाळाकडे बघत त्या म्हणाल्या. "लेकराले काहून उभं ठेवून राहिले?" आणि त्या खोके काढू लागल्या. शेवटचे दोन-तीन भैय्याजींनीच उचलले.

सोनिकानं बाळ निजवलं, प्रार्थना म्हटली. रांग तेवढा वेळ थांबली. मग पुन्हा फोटो सुरू झाले.

मित्रांनो, दिवे लावा, टोप्या घाला, फोटोही काढा. पण पुढच्या नाताळात मी रिकामी दिसले, तर भरण्याआधी कुणाला तरी विचारा. दर वर्षी रांगेत अंजनाबाई असतीलच, असा भरवसा मला वाटत नाही.