कोंडीची पानं

"नाव काढायचं म्हणजे कुणाचं? त्या पोरीचं?" मुनव्वरने विचारलं.

"नाही. माझं."

मुनव्वरने हातातली बॉबिनची डबी खाली ठेवली. दहिवलीत घराच्या पडवीतच तो शिलाई मशिनी दुरुस्त करायचा. झोहराने फोन नवऱ्यापुढे धरला. पत्र पुण्याहून आलं होतं. कला आणि विशेष शिक्षण या विषयाला वाहिलेली एक शोधपत्रिका तिथून वर्षातून दोनदा निघायची. तिच्या संपादक हर्षला यांनी लिहिलं होतं, की लेख मिळाला, विषय महत्त्वाचा वाटला. मात्र लेखिकेचं नाव, गाव, ओळख पटेल असा सगळा मजकूर काढून फाइल पुन्हा पाठवावी. शिवाय मुलीच्या पालकांना लेख वाचून दाखवावा आणि त्यांची संमती घ्यावी.

"लेख हवा, नाव नको," मुनव्वर म्हणाला. "मागच्या खेपेला निदान विचारलं तरी नव्हतं."

झोहरा हसली नाही.

ती विशेष शिक्षिका होती. कर्जत तालुक्यातल्या शाळांत आणि वाड्यांवर ज्या मुलांना बोलता येत नाही, ऐकू येत नाही किंवा इतरांसारखं शिकता येत नाही, त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा जायचं, हे तिचं सोळा वर्षांचं काम. नोकरी कायम झाली नव्हती आणि सुटलीही नव्हती. आठ वर्षांपूर्वी एक अभ्यासक तिच्याकडे आले होते. फार अदबीने बोलले, तिच्या नोंदींच्या वहीचं कौतुक केलं आणि चार दिवसांसाठी ती घेऊन गेले. वही परत आली. दोन वर्षांनी अलिबागच्या प्रशिक्षणात सगळ्यांना एक पुस्तक वाटलं, त्यात झोहराला स्वतःचंच वाक्य भेटलं: ‘तो रंगाला घाबरत नव्हता, ओल्या हाताला घाबरत होता.’ वर नाव त्या अभ्यासकांचं. शेवटी ‘स्थानिक कार्यकर्त्यांचे आभार’. तिने पान मिटलं आणि जेवणाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

तेव्हापासून ती नोंदी उर्दू अक्षरांत लिहायची. शब्द मराठी, अक्षरं उर्दू. कार्यालयात कुणी वही चाळली तरी काही हाती लागू नये. काय सापडलं, कुणाकडे सापडलं, हे ती कुणाशीच बोलत नसे.

दुसऱ्या दिवशी तिने पत्राखालच्या नंबरावर फोन लावला. पलीकडचा आवाज तरुण होता.

"मॅडम, लेख दोन परीक्षक वाचतात. लेखक कोण हे त्यांना कळू नये, म्हणजे ते मोकळेपणाने मत देतात," हर्षला म्हणाली.

"परीक्षक कोण आहेत?"

"ते मला सांगता येत नाही."

"म्हणजे त्यांना मी माहीत नाही, मला ते माहीत नाहीत, आणि लेख तेवढा त्यांच्या हातात."

"तुमचं नाव माझ्याकडे नोंदलेलं आहे ना," हर्षला म्हणाली.

तुझ्याकडे आहे हीच तर काळजी आहे, असं झोहराच्या ओठांवर आलं होतं. त्याऐवजी तिने पत्रिकेचे मागचे सहा अंक मागवून घेतले. त्यात छापलेल्या तीन लेखकांना फोन करून तुमचाच लेख आहे ना, असं विचारलं. तिघांनाही तो प्रश्न विचित्र वाटला. मग तिने लेखाची एक प्रत पाकिटात घालून कर्जतच्या पोस्टातून स्वतःच्याच नावावर रजिस्टर केली. तारखेचा शिक्का असला म्हणजे उद्या भांडता येईल.

पोस्टमनने सही घेताना पाकीट उलटसुलट केलं. "पाठवणार तुमीच आन् घेणार पन तुमीच?"

"हो," झोहरा म्हणाली आणि पाकीट न फोडता कपाटात गोधड्यांखाली ठेवलं.

राहिली संमती. लेख ज्या मुलीवर होता ती कोंडी पोशीर गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी एका वाडीत राहायची. वय बारा. जन्मापासून एक शब्द बोललेली नाही. हाक मारली तर वळायची, पण डोळ्यांत बघायची नाही. चार वर्षं झोहरा तिच्याकडे गुरुवारी जात होती. ब्रश तिने कधी हातात धरला नाही. आपट्याचं पान मात्र ती गेरूत बुडवायची आणि खाकी कागदावर दाबायची. एका ओळीत पाच पानं, दर वेळी पाचच. झोहराने कागद जपून ठेवले, त्यांवर तारखा घातल्या, आणि दुसऱ्या वर्षी तिच्या लक्षात आलं की घरात माणसं पाच आहेत. बाप दशरथ खालापूरकडे वीटभट्टीवर गेला की पहिलं पान उलटं उमटायचं. तो परत आला की सुलटं. मोठी बहीण ललिता मामाकडे राहायला गेली त्या आठवड्यात तिसरं पान उलटं होतं.

झोहरा पोचली तेव्हा कोंडीची आई जना अंगणात वालाच्या वाळल्या शेंगा बडवत होती. कागद बघून तिचा हात थांबला.

"कसला कागुद?"

"कोंडीच्या चित्रांवर मी लेख लिहिलाय. तो छापायला तुझी परवानगी हवी. अंगठा लागेल."

"आंगठा नाय देनार." जनाने पुन्हा काठी उचलली. "मागं येक मानूस आलता. रेशनचं हाय म्हनला, समद्यांचं आंगठं घेतलं. मंग माळावर कुंपन पडलं. आमची लाकडाची वाट पन त्याच्या आत गेली."

"मी वाचून दाखवते. सगळं ऐक, मग ठरव."

जना नाही म्हणाली नाही. झोहरा उंबऱ्यावर बसून वाचू लागली. कोंडी भिंतीला टेकून शेंगांची सालपटं एकात एक घालत होती. बापाच्या पानाचं ऐकलं तेव्हा जनाची काठी थांबली.

"तो गेला का पान उलटं?"

"दर वेळी. मी तारखा लावून बघितल्यात."

जनाने लेकीकडे बघितलं आणि ती किंचित हसली. "आन् मी म्हनायची, गेरू नासते."

झोहराला बरं वाटलं. त्याच सुरात ती शेवटच्या भागाकडे वळली. तो भाग मंगळ्याचा होता. कोंडीचा धाकटा भाऊ, सहा वर्षांचा, दोन पावसाळ्यांपूर्वी तापाने गेलेला. त्यानंतरच्या कागदांवर पानं चारच दिसत होती, आणि शेवटची जागा मोकळी. पण कागद उजेडात तिरका धरला की त्या मोकळ्या जागेत पानाचा ठसा दिसायचा. कोंडी एक लहान पान गेरूत न बुडवता, कोरडंच, जोर लावून दाबत होती. ‘मुलीला भावाचं जाणं कळलेलं आहे,’ झोहराने लिहिलं होतं. ‘तिला कळत नाही असं घरातल्यांनी धरून चाललं, म्हणून त्या दिवसांत तिच्यापाशी कुणी बसलं नाही.’

ते वाक्य तोंडातून बाहेर पडत असताना तिच्या लक्षात आलं की ते आपण कुणासमोर वाचतोय. पण तोवर वाक्य संपलं होतं.

जनाने विचारलं, "ह्ये तुमाला कदी कळलं?"

"गेल्या वर्षी. ह्याच दिवसांत."

"वरीस झालं." जनाने काठी बाजूला ठेवली. "दर गुरवारी मी हितंच असते, बाई. च्या करते तुमाला. तुमी मना नाय सांगितलं. कागदाला सांगितलं."

झोहराकडे उत्तर होतं. कुठे बोललं की ते फुटतं आणि दुसऱ्याच्या नावाने छापून येतं, म्हणून तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मात्र त्या ‘कुणालाच’मध्ये जनासुद्धा येते, हा विचार तिच्या मनात एकदाही आला नव्हता.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"तो कागुद कुठं हाय?"

झोहराने पिशवीतली गुंडाळी काढून एक कागद सोडवला. जनाने तो दारात नेला आणि उजेडात तिरका केला. थोडा इकडे, थोडा तिकडे. ठसा सापडला तेव्हा तिने त्यावर बोट ठेवलं आणि पानाच्या कडेकडेने फिरवलं. मग कागद लुगड्याच्या घोळात घेऊन ती लेकीशेजारी खाली बसली. कोंडीने सालपटांवरची नजर काढली नाही, पण ती जागची हललीही नाही.

"बाकीचं छापा," जना म्हणाली. "मंगळ्याचं नाय. आन् ह्यो हितं राहील."

तो भाग गेला तर लेखात काय उरतं हे झोहराला पुरतं ठाऊक होतं. चार वर्षांचं काम त्या एका ठशावर उभं होतं. "बरं," ती म्हणाली. संमतिपत्रावर तिने स्वतःच्या हाताने लिहिलं, की शेवटचा भाग वगळून संमती आहे. ते वाचून दाखवलं. जनाने ते दोनदा वाचायला लावलं आणि मग अंगठा दिला.

तीन महिन्यांनी परीक्षकांची मतं आली. एकाने लिहिलं होतं, ‘बाप आणि बहीण यांच्या जाण्यायेण्याचा पानांशी असलेला संबंध योगायोगही असू शकतो. मुलीला कुटुंबातील बदलांची जाण आहे, हा दावा पेलेल असा भक्कम पुरावा लेखात नाही. लेखकाचा भावनिक ओढा तर येथे काम करत नसेल?’

झोहराने ते मुनव्वरला वाचून दाखवलं.

"आता तुझ्यावर संशय," तो म्हणाला.

संध्याकाळी हर्षलाचा फोन आला. "मॅडम, आणखी काही असेल तर पाठवा. पहिल्या मसुद्यात शेवटी काहीतरी होतं, ते तुम्ही काढलंत. मी ते परीक्षकांना दाखवलेलं नाही. तेवढं परत घातलं तर लेख नक्की जाईल."

म्हणजे हर्षलाने तो भाग वाचला होता, तिच्याजवळ तो होता, आणि इतके दिवस तो तिने कुठेही जाऊ दिला नव्हता. झोहराने फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"पुरावा आहे," ती म्हणाली. "पण तो माझा नाही. देता येणार नाही."

"तसंच लिहू?"

"तसंच लिहा. आणि तुमच्याकडची ती पहिली फाइल काढून टाका."

"काढते," हर्षला म्हणाली. ती काढेलच कशावरून, हा प्रश्न झोहराला पडला. तो तिने विचारला नाही.

संशोधन लेख म्हणून ते लिखाण स्वीकारलं गेलं नाही. दिवाळीच्या सुमाराला अंक आला, त्यात मागच्या बाजूला ‘वर्गातले अनुभव’ या सदरात दोन पानं होती. खाली नाव होतं, झोहरा मुनव्वर नजे, दहिवली. एकही अक्षर चुकलं नव्हतं. मुनव्वरने मशिनी घेऊन येणाऱ्या दोघातिघांना ते दाखवलं. झोहराने एकदाच वाचलं. वाक्यं सगळी तिचीच होती, आणि वाचणाऱ्याला त्यातून फार काही कळणार नव्हतं.

पुढच्या गुरुवारी ती अंक घेऊन वाडीवर गेली. जनाने तो दोन्ही हातांनी घेतला, उघडला नाही, आत नेऊन फळीवर ठेवला. मग कोंडीची शिकवणी होईपर्यंत ती चुलीपाशी काम करत राहिली. झोहराने रंगाच्या वाट्या धुतल्या, कागद वाळत ठेवले आणि नोंदी करायला वही काढली.

तेवढ्यात जना बाहेर आली. तांदळाचं सूप तिने बाजूला सरकवलं, जमिनीवर हात फिरवून बसायला जागा केली आणि झोहराच्या समोर मांडी घालून बसली.

"सांगा," ती म्हणाली. "आज काय केलं हिनं?"

झोहराने वही मिटली, आणि अजून कुठेच लिहिलं नव्हतं ते ती जनाला सांगू लागली.