संशयी जोडचष्मा आणि तीन बोड्या

“भाऊ, तुमी आमचं गाव कोनाले इकलं?”

दारात उभं राहून एवढा मोठा प्रश्न एका दमात विचारणारी होती मैना. लटारूची मुलगी, सावली गावच्या शाळेत आठवीत जाणारी. बांबूच्या कुडाआड तिच्या मैत्रिणी तोंड दाबून बसल्या होत्या. पैजच लागली होती तशी. मैनानं हे विचारून दाखवलं, तर गिरजानं आठ दिवस तिचं दप्तर वाहायचं.

गुणवंतराव अंगणात जाळं विणत होते. त्यांचा हात थांबला. आणि कोनाड्यातल्या डब्यात पडल्या पडल्या मी मनात म्हटलं, या पोरीवर नजर ठेवायला हवी.

मित्रांनो, मी एक जुना जोडचष्मा आहे. दोन भिंगं, पत्र्याची एक चौकट आणि घडीचे चार पाय, एवढाच माझा देह. पण मी कुणाच्या नाकावर बसत नाही हं! मी ऐटीत टेबलावर उभा राहतो आणि माणसालाच माझ्यापुढे वाकावं लागतं. आकाशातून थोड्या थोड्या अंतरानं काढलेले एकाच जागेचे दोन फोटो माझ्याखाली शेजारी शेजारी ठेवा आणि दोन्ही डोळ्यांनी पाहा. सपाट कागदातून झाडं वर येतात, नदी खाली जाते, टेकडीचा चढ कळतो. मात्र फोटो दोन हवेत. एका फोटोवर मी आंधळा.

माझा जन्म सातासमुद्रापार एका कारखान्यात झाला, ऐन महायुद्धात. भिंगं घासून, भुशात पुरून मला आगबोटीत घातलं. डबा उघडला तेव्हा मी बर्माच्या सरहद्दीवरच्या एका हवाईतळावर, काळोख्या तंबूत होतो. तंबूत औषधांचा आंबट वास, बादल्यांत भिजत घातलेल्या फिल्मा, आणि त्या फिल्मा धुणारा झाडीपट्टीतला एक तरणाबांड जवान. तोच गुणवंत.

तळावर एक टेहळणीचं विमान होतं. इतर विमानं बॉम्ब घेऊन जात. याच्या पोटात क्यामेरा. हे नुसतं जाई, पाही आणि परत येई. ते उतरलं की दोघं जण धावत सुटायचे. घनश्याम मेकॅनिक चाकांकडे आणि गुणवंत क्यामेऱ्याकडे. वैमानिक साहेब खाली उतरले की चहा मागायच्या आधी विचारायचे, “फोटो साफ आले का?”

मग माझं काम सुरू. तंबूतल्या थोरल्या साहेबांनी आम्हाला एकच विद्या शिकवली, संशयाची. सरळ रेघ दिसली की संशय घ्या, कारण जंगल सरळ रेघ काढत नाही. एखाद्या झाडाची सावली शेजारच्या तेवढ्याच झाडापेक्षा मोठी दिसली की संशय घ्या, कारण खाली कुणी तरी लपलंय. अशा संशयातून आम्ही लपवलेले पूल शोधले, होड्या शोधल्या. साहेब माझ्या पाठीवर टिचकी मारून शाबासकी देत. काय सांगू, माझी छाती फुगायची!

एके दिवशी विमान गेलं ते आलंच नाही. चाकांखाली लावायचे लाकडी ठोकळे हातात धरून घनश्याम अंधार पडेपर्यंत धावपट्टीवर उभा होता. आदल्या दिवशी त्याच विमानानं आणलेले दोन फोटो तंबूत वाळत होते. लढाई संपली तेव्हा या दोन मित्रांनी ते वाटून घेतले. एक गुणवंतनं ठेवला, एक घनश्यामनं. आणि निकामी सामानाच्या ढिगात निघालेला मी, थोरल्या साहेबांच्या कृपेनं गुणवंताच्या पेटीत बसून चांदा जिल्ह्यातल्या या गावी आलो.

सुरुवातीला माझे काय लाड झाले! पोरं माझ्यातून मुंगी पाहत, तांदळाचा दाणा पाहत. मग नवलाई सरली. मी डब्यात गेलो, जाळ्याला बांधायच्या मातीच्या गोट्यांबरोबर. एक पाय वाकला, भिंगावर धुळीचा थर बसला. वर्षातून एकदा, मोहफुलं पडायच्या दिवसांत घनश्याम भामरागडहून यायचा, तेव्हाच मला उजेड दिसे. तिकडे तो लाकडाच्या ट्रकांची इंजिनं दुरुस्त करतो. आला की दोघं दोन फोटो जोडायचे आणि लहान पोरांसारखे भांडायचे.

पण या हिवाळ्यात आक्रीत झालं. गावावर एक विमान आलं. नकाशे काढणारं असावं, कारण शेतात नांगर फिरावा तसं ते आभाळात सरळ जाई, वळे, पुन्हा सरळ येई. गावकरी घराघरांत शिरले. आणि आमचे गुणवंतराव? डोक्याचा गमछा सोडून ते तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, धावत गेले आणि दोन्ही हातांनी गमछा हलवायला लागले! तळावर उतरणाऱ्या विमानाला हलवायचे ना, तस्से. सगळ्या गावानं ते फटीतून पाहिलं.

मग विस्तव मागायला मैनाची आई रुखमाबाई आली आणि भिंतीवर टांगलेला गुणवंतरावांचा तो तळावरचा फोटो तिनं पहिल्यांदाच निरखून पाहिला. त्यात नदीचं वळण होतं, भाताची खाचरं म्हणजे बांध्या होत्या, बांध्यांचे धुरे, म्हणजे बांध, होते आणि एका ओळीत पाण्यानं भरलेले तीन गोल. आमच्या गावालाही एका ओळीत तीन बोड्या आहेत. बोडी म्हणजे लहानसा तलाव. झालं! विस्तव घरी पोचायच्या आत बातमी गावभर पोचली. गुणवंतानं आपल्या बोड्यांचा फोटू हवाईजहाजवाल्यांना दिला. आता सरकार बोड्या घेणार, बांध्या घेणार. तो पलटणीतून आला तेव्हाच समजायला हवं होतं!

तुम्ही म्हणाल, बोलू देत लोकांना. पण उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की इथे मोठं जाळं टाकतात. ते दोघांनी ओढायचं असतं. एक टोक एकाकडे, दुसरं टोक दुसऱ्याकडे, आणि मासळी निम्मी निम्मी. तीच सुकवून पावसाळा निघतो. एकट्यानं ओढलं तर जाळं गोल फिरून आपल्याच पायांत येतं. गुणवंतरावांचं दुसरं टोक आजवर लटारू धरत आला होता. या वर्षी तो म्हणाला, “मले जमत नाई.” मग कुणालाच जमेना.

तर असे ते बसले होते, एकट्यासाठी दोघांचं जाळं विणत, आणि दारात ही पोरगी विचारत होती, गाव कोणाला विकलं म्हणून.

मला वाटलं, आता ते ओरडतील. ते उठले, भिंतीवरचा फोटो काढला आणि मला डब्यातून बाहेर काढून अंगणातल्या पाटावर ठेवलं.

“ये. याच्यातून पाय आन् सांग, कोनतं गाव हाय थे.”

मैना वाकली. तिचा भांग अगदी सरळ रेघेत होता. जंगल सरळ रेघ काढत नाही! माझा संशय दुणावला.

“काईच नाई दिसत, भाऊ. जसं भिंतीवर होतं तसंच हाय.”

“दिसनच नाई. जोडीचा फोटू घनश्यामजवळ हाय, भामरागडले. मोह पडला की येते थो.”

“वा भाऊ! म्हंजे तुमचा साक्षीदार भामरागडच्या रानात, आन् थोई महिनाभरानं येनार? अशी कारनं आमी मास्तरले सांगत असतो!”

कुडाआड खसखस पिकली. गुणवंतरावांच्या ओठांचा कोपराही हलला, मी पाहिला.

मैना दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही आली. माझी खात्री पटली, ही हेर आहे. इथे ऐकायचं, तिकडे सांगायचं! आणि खरंच तसं होतं. रोज शाळेच्या वाटेवर ती गिरजाला सगळं सांगायची. पण मित्रांनो, तिच्या वागण्यात हळूहळू फरक पडला. एके दिवशी तिनं माझा वाकडा पाय दगडावर हलकेच ठोकून सरळ केला आणि मऊ सुती चिंधीनं माझी भिंगं पुसली. दहा-अकरा वर्षांनी जग मला लख्ख दिसलं. तरी मी मनात म्हटलं, एवढी माया? काही तरी काळंबेरं असणार.

मोह पडायला लागला तसा घनश्याम आला. धूळमाखला, हातात बांबूचं एक नळकांडं. मैना शाळेचं दप्तर तिथेच टाकून पळाली आणि आपल्या बापाचा हात ओढत घेऊन आली. लटारू अंगणाच्या कडेलाच उभा राहिला, आत येईना.

“जेवला का, लटारू?” गुणवंतरावांनी विचारलं.

“पोरगी ऐकत नाई म्हनून आलो,” तो म्हणाला. जेवणाचं उत्तर दिलंच नाही.

घनश्यामनं नळकांड्यातून फोटो काढला. तो पार वळून गेला होता. डब्यातल्या मातीच्या गोट्या चार कोपऱ्यांवर ठेवून तो सपाट केला.

“आपला फोटू भिंतीवर लटकवून मिरवते थो,” घनश्याम मित्राकडे बोट करून म्हणाला, “अन् मी पावसापासून जपतो. तवाई असाच. जहाज उतरलं की मी पयले चाक पायत होतो, कारन मानूस जिता आला पायजे. हा पयले क्यामेऱ्याकडं पळे!”

“अन् क्यामेऱ्याच्या काचेवर तेल तुयाच इंजिनचं उडत होतं!”

“मंग पुसलं कोनी? अंगातल्या सदऱ्यानं पुसलं न मी!”

मग घनश्यामनं फोटोवरची धूळ बोटानं पुसली. “जहाजातल्या सायबाचं हे शेवटचं काम, बाई,” तो हळूच म्हणाला. मैनानं मान हलवली.

तिनं घाईघाईनं दोन्ही फोटो माझ्याखाली सरकवले. लटारू दोन पावलं पुढे आला, वाकला आणि झटक्यात मागे झाला.

“हट्! पान्याच्या जागी टेकरं दिसून राह्यले! नदी बांधावानी वर आली. कोनाले बनवता?”

माझा जीव अर्धा झाला. कारण चूक मला कळली होती, पण मला बोलता कुठे येतं? पोरीनं फोटो उलटसुलट ठेवले होते, डावा उजवीकडे नि उजवा डावीकडे. असं केलं की मी खड्ड्याची टेकडी करतो आणि टेकडीचा खड्डा. गुणवंतरावांनी मुकाट्यानं फोटोंची अदलाबदल केली.

“आता पाय.”

लटारू पुन्हा वाकला. या वेळी तो बराच वेळ वाकलेला राहिला. मासळी पाहायला माणूस पाण्यावर वाकतो तसा. नदी खाली गेली होती, झाडं वर आली होती, आणि तीन बोड्या... त्याचा श्वास माझ्या भिंगावर येत होता.

“ह्या बोडीले चारी बाजूनं पाळ काऊन हाय?” तो पुटपुटला. “दुसरीलेई चारी बाजूनं. तिसरीलेई. अरे, बोडीले वरची बाजू उघडी पायजे. नाई त रानातलं पानी आत कुठून येईल?”

त्यानं पुन्हा एकेक करून तिन्ही गोल पाहिले.

“ह्या बोड्या नाईत,” शेवटी तो म्हणाला.

“बॉम्बाचे खड्डे हाय, लटारू,” गुणवंतराव म्हणाले. “मातीची कडा चहूकडं उडते. पाऊस पडला, खड्डे भरले. तिकडंई भाताच्याच बांध्या होत्या. कोनाच्या तरी.”

लटारू उठला. गमछा झटकला. बायको तिथे असती तर ‘माझी चूक झाली’ असं त्याच्याकडून वदवून घेतलं असतं, पण ती नव्हती. तो तसाच निघून गेला. मैनाचा चेहरा पडला. गुणवंतरावांनी दोन्ही फोटो आणि मला तिच्या हातात दिलं. “आईलेई दाखव. उद्या आन.”

मला त्यांचाही राग आला. परक्याच्या हातात मला देतात? पण संध्याकाळी लटारूच्या चुलीजवळ रुखमाबाई माझ्यावर वाकली. “अवो माय!” एवढंच म्हणाली आणि पाहतच राहिली. तेव्हा मला उमगलं. मैनावर मी आजवर एकाच बाजूनं संशय घेत होतो. मला दोन फोटो लागतात हे जगाला सांगणारा मीच, आणि तिला पाहताना मला एकच पुरला!

म्हणून मित्रांनो, एक विनवणी आहे. तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं जुनं भिंग असेल तर ते मऊ सुती फडक्यानं पुसा, मिठाच्या किंवा तेलाच्या हातानं धरू नका, गोट्यांबरोबर डब्यात कोंबू नका. संशय जरूर घ्या, तो वाईट नाही. पण घेतलात तर दुसरा फोटो येईपर्यंत थांबा. तो भामरागडहून यायचा असला तरी थांबा. आणि आमच्यासारखी जुनी वस्तू किंवा जुना सैनिक आठवण सांगायला लागला, तर जरा वाका.

तर त्या संध्याकाळी लटारू जेवत होता. दुसऱ्या दिवशी तलावात जाळी पडायची होती.

“बाबा, उद्या भाऊचं दुसरं टोक तुमी धरान न?” मैनानं विचारलं.

लटारूनं घास खाली ठेवला. “मले समजलं, पोरी. पन गावाले कोन समजावंन? मी एकटा त्याच्यासंगं उतरलो त उद्या मलेई वाळीत टाकतील. जरा दम धर. लोक इसरतील.”

“तलावातलं पानी दम धरते का?”

“अन् मी काय करू?” रुखमाबाई चुलीकडे तोंड करून म्हणाली. “बोललो मीच. आता कोनत्या तोंडानं फिरवू?”

मैना उठली. तिनं दोन्ही फोटो सुती चिंधीत गुंडाळले, मला त्यावर ठेवलं आणि गाठ मारली. मोठ्या जाळ्याला आजवर गावातल्या कुठल्याही मुलीनं हात लावलेला नव्हता, हे तिला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं.

“आई, बाबा, आयका,” ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्या दिवशी दारातून आला होता तसाच होता, पण या वेळी कुडाआड कुणी नव्हतं आणि पैजही नव्हती. “उद्या मी शाळेत जात नाई. गुणवंतभाऊच्या जाळ्याचं दुसरं टोक मी धरतो.”