फौजदार जेवला का?

काशाप्पाचा स्वभाव असा, की दुधाने तोंड भाजलेलं नसतानाही तो ताक फुंकून प्यायचा. मेंढरं होती तेव्हा संध्याकाळी आधी स्वतः मोजायचा, मग पोराकडून मोजून घ्यायचा, आणि दोघांचा आकडा जुळला तर त्याला वाटायचं, पोराने आपला ऐकूनच सांगितला असणार. जगात त्याचा पुरता विश्वास एकावरच होता, आणि तो कुत्रा होता. राजेश्वर गावाच्या अलीकडे त्यांची वस्ती. तिथे येणाऱ्या परक्या माणसाची चौकशी केल्याशिवाय हा कुत्रा त्याला हलू देत नसे, म्हणून त्याचं नाव पडलं फौजदार.

मेंढरं विकून काशाप्पाने तुरीचं रान धरलं, पण धनगरकीची एक रीत काही सोडली नाही. राखणदाराच्या आधी धनी जेवला की कळप फुटतो, असं त्याच्या बापाने सांगून ठेवलं होतं. कळप उरला नव्हता, तरी फौजदाराच्या पोटात भाकरी गेल्याशिवाय काशाप्पा ताटाला हात लावत नसे. रानातून आला की पाय धुता धुता विचारायचा, "फौजदार जेवला का?" अंबुबाई आतून म्हणायची, "व्हय, जेवला." मग हा पाटावर बसायचा.

हल्ली मात्र त्याला हे उत्तर खटकायला लागलं होतं. कुत्रा रोज भाकरी खात होता म्हणे, आणि त्याच्या बरगड्या लांबूनही दिसत होत्या. वय झालं होतं, मान्य. पण म्हातारपण काही असं बघता बघता अंगावरचं मांस काढून नेत नाही. म्हणजे एकतर बरगड्या खोटं बोलत होत्या, नाहीतर बायको.

मनात शंकेची पाल एकदा चुकचुकली, की काशाप्पाला सगळ्या भिंतींवर पालीच दिसायच्या. पोरगा मल्लेश हुमनाबादला कारखान्यात जायचा. तो एकदा फोनवर कुणाला तरी इंजेक्शनचं विचारत होता, आणि बाप दिसताच त्याने बोलणं तुरीच्या भावावर नेलं. नव्या खोलीसाठी अंगणात चुन्याच्या फक्कीची रेघ मारली होती, ती नेमकी कुत्रा बसायचा त्या जागेवरून गेली होती. अंबुबाई रोज बाभळीच्या काट्यागत टोचून बोलणारी, ती अलीकडे गोड बोलायला लागली होती. कुठेतरी पाणी मुरत होतं. काशाप्पाने दोन आणि दोन पाच केले आणि ठरवून टाकलं, की खोलीसाठी हे लोक कुत्र्याला उपाशी मारताहेत, आणि तेवढ्याने नाही मेला तर सुई टोचणार आहेत.

दुसऱ्या दिवशी तो रानाला म्हणून निघाला आणि कडब्याच्या गंजीआड उभा राहिला. स्वतःच्याच घरावर पाळत ठेवताना माणसाला जरा लाज वाटावी, पण त्याला ती वाटली नाही. सून प्रतीक्षा बाहेर आली. तिने इकडेतिकडे बघितलं, वरवंट्याखाली पांढरी गोळी चुरली, ती वाटीतल्या दुधात घातली आणि वाटी घेऊन कुत्र्याकडे निघाली.

काशाप्पा गंजीआडून बाहेर पडला तो तिच्या वाटेत येऊनच थांबला. इतकं काळजीनं करायलीस, तर आधी तू पी, म्हणाला. त्याचा आवाज ऐकून अंबुबाई चुलीपासून धावत आली, तोवर प्रतीक्षाने वाटी तोंडाला लावली होती. तिने सगळं दूध पिऊन टाकलं आणि पदराने तोंड पुसलं.

"कडू हाय, मामा," ती म्हणाली. "म्हणून दुधात देऊन बघायले. दुखण्याची गोळी हाय. पर त्याच्या घशाखाली दूधबी उतरंना झालंय."

काशाप्पा वाटीकडे बघत राहिला. भाकरी तर खातोय की, तो म्हणाला, पण आता त्याच्या बोलण्यात जोर नव्हता.

"भाकरी म्हस खायलीय," अंबुबाई म्हणाली. "मी खोटं बोलायले तुमास्नी. त्यो जेवंना म्हणलं असतं तर तुमीबी जेवला नसता. मागं उपाशीपोटी शुगरची गोळी घेऊन रानात पडला होता, इसरलाव?"

राजेश्वरचा जनावरांचा डॉक्टर शरणप्पा मल्लेशच्या सांगण्यावरून येऊन बघून गेला होता. पोटात गाठ होती, ती पसरली होती, औषधाने हटणारी नव्हती. तो म्हणाला होता की हे जनावर आता नुसतं दुखणं सोसतंय, सोडवलेलं बरं. पण काशाप्पाला विचारायचं कुणी, यावर घरात रोज कुजबुज व्हायची आणि रोज ती उद्यावर जायची. अंबुबाई एवढंच म्हणाली, की तुमी म्हणल्याबिगर त्याला कोण हात लावणार न्हाई.

एरवी काशाप्पाने अशा फसवणुकीवर घर डोक्यावर घेतलं असतं. आज त्याला राग आला तो भलत्याच माणसाचा. प्रत्येक मेंढरू दोनदा मोजणारा आपण, कुत्र्याची थाळी एकदाही वाकून का बघितली नाही? दारातूनच विचारायचं आणि व्हय ऐकलं की जेवायला बसायचं. बायकोच्या शब्दावर उभ्या जन्मात विश्वास ठेवला नाही, आणि नेमका हाच शब्द एवढा सोयीचा कसा वाटला? त्याला ठाऊक होतं. थाळीत काय दिसेल ते त्याला ठाऊक होतं, म्हणून तो वाकला नव्हता. सुनेला चोर ठरवणं त्यापेक्षा सोपं होतं.

तो फौजदाराजवळ जाऊन बसला आणि त्याने त्याच्या पोटावरून हात फिरवला. गाठ बोटांना लागली तसा कुत्र्याने त्याचा हात दातांत धरला. चावला नाही, नुसता धरला. लांडग्याने मान फाडली होती तेव्हाही न विव्हळलेलं जनावर होतं ते. काशाप्पाने हात तसाच राहू दिला. मग कारखान्याला निघालेल्या मल्लेशला तो म्हणाला, "बोलीव डॉक्टरास्नी."

दुपारी डॉक्टर आला. त्याची गाडी अंगणात थांबली, आणि सकाळपासून मान न उचललेला फौजदार गुरगुरला. त्याने पुढचे पाय रोवले, मागचे उठेनात, तरी तो अंग ओढत धनी आणि डॉक्टर यांच्या मधे आला आणि दात विचकून उभा राहिल्यासारखा झाला. शरणप्पा होता तिथेच थांबला. असं चवताळलेलं जनावर कुणीतरी घट्ट धरायला हवं, म्हणाला. मल्लेश दोरी आणायला वळला.

"दोरी नगं," काशाप्पा म्हणाला.

त्याने कुत्र्याचं डोकं दोन्ही हातांत धरून आपल्याकडे वळवलं. फौजदाराला परक्या माणसापुढे शांत करायचा एकच बोल होता. पाहुणा असो, व्यापारी असो, काशाप्पाने तो उच्चारला की कुत्रा बाजूला व्हायचा, आणि काशाप्पाने तो आजवर कधी खोटा वापरला नव्हता. आज तो खरा होता की खोटा, हे त्याला सांगता आलं नसतं.

"गप, बाळा," तो म्हणाला. "आपलाच माणूस हाय."

फौजदाराने एकदा त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग त्याची गुरगुर थांबली, दात मिटले, आणि त्याने डोकं धन्याच्या मांडीवर टेकवलं. काशाप्पाने डॉक्टरला हाताने जवळ यायची खूण केली.