टेलरमास्तरांनी घेतलेलं टायरचं माप

टेलरमास्तर ताकही फुंकून पिणारे. लेकीच्या गाडीचे चारही टायर गुळगुळीत झाले आणि सोमवारपासून तिला नव्या नोकरीसाठी घाटातून एकटीनं जायचं होतं, म्हणून ते तिच्यासोबत टायरवाल्याकडे आले. गळ्यात नेहमीची टेप होतीच.

टायरवाल्यानं टायरच्या कडेवरचा आकडा वाचला. "एकशेपंच्याऐंशी. म्हणजे साडेअठरा सेंटिमीटर रुंद."

मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी उकिडवं बसून रस्त्याला टेकणाऱ्या भागावर टेप लावली. पंधरा! नीट पुन्हा मोजलं. पंधराच!

"साडेतीन सेंटिमीटर कुठे गेले हो?"

"काका, रुंदी तिथे नाही मोजत. पोटाशी मोजतात, बाजूच्या फुगवट्यापासून फुगवट्यापर्यंत, हवा भरलेली असताना."

"पोट काय रस्त्याला लागतं?"

लेकीनं कपाळाला हात लावला. टायरवाल्यानं मुकाट्यानं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून आतला स्टिकर दाखवला. कंपनीनंच तोच आकडा छापला होता. मास्तरांनी नखानं स्टिकरचा कोपरा खरवडून पाहिला. मघाशी गाडी आत घेताना यानंच चिकटवला नसेल कशावरून? मोठं माप सांगायचं आणि वरचं खिशात घालायचं, हा धंदा मास्तरांना नवा नव्हता. शर्टाला दोन मीटर पुरत असताना सव्वादोन आणायला तेही सांगत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

"पंधराचा द्या," ते ठामपणे म्हणाले.

"साडेपंधराचा आहे. लहान गाडीचा. पण या गाडीला नाही बसवणार."

"गिऱ्हाईक मी आहे ना?"

"आहात. पण भरल्या गाडीचं वजन तो पेलणार नाही, वळणावर ब्रेक मारला तर गाडी सरकेल. ताई चालवणार आहेत ना? मग दुसरीकडे बघा." एवढं बोलून तो खरंच पुढच्या गाडीकडे वळला.

मास्तरांनी टेप पुन्हा गळ्यात टाकली. फसवणारा माणूस दारात आलेलं गिऱ्हाईक असं घालवत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मघापासून जपलेला संशय ठेवायला त्यांना जागाच उरली नाही.

"बसवा," ते म्हणाले. "तुमच्या मापाचे."

टायर बसले. मास्तर मात्र एकेका चाकापाशी वाकून नट चाचपत राहिले. टायरवाला हसू दाबत बाजूला झाला.

"बाबा, आता पुरे! तो माणूस चांगला आहे."

"असेल. चांगलाच आहे."

"मग काय शोधताय?"

मास्तर गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"माणूस फसवत असला तर त्याच्यावर नजर ठेवता येते गं. सोमवारी घाटात तू एकटी असशील, तेव्हा मी कशावर नजर ठेवू?"