कण्यात गेलेली चिठ्ठी

"मी बांधलेलं पुस्तक तीनशे वर्षं कुणाच्या बापाला उघडता येणार नाही!" अशी घोषणा बाइंडरबुवांनी भल्या सकाळी केली. "मग वाचायचं कसं?" एवढीच शंका बायकोने स्वयंपाकघरातून काढली. थोरांनी अशा शंकांकडे लक्ष द्यायचं नसतं, म्हणून बुवांनी दिलं नाही.

घोषणेला कारण होतं. संग्रहालयातल्या बाई चार वाजता येणार होत्या. त्यांच्याकडच्या सगळ्यांत जुन्या ग्रंथाची बांधणी खिळखिळी झाली होती, आणि काम कुणाला द्यायचं ते त्या नमुना पाहून ठरवणार होत्या. चाळीस वर्षं शाळेच्या वह्या आणि वकिलांची बाडं बांधलेल्या बुवांना एकदा तरी खरा ग्रंथ हाताळायचा होता. महिनाभर खपून त्यांनी जुन्या रीतीचा नमुना केला होता. दुमडलेल्या पानांचे गठ्ठे आडव्या दोरांवर शिवलेले, दोरांची टोकं लाकडी फळ्यांत ओवून खुंट्यांनी ठोकलेली, वरून चामडं.

चार वाजता आलेल्या बाईंनी तो उलटसुलट पाहिला. "फळ्याच का?"

"पूर्वी पानं कातड्याची असत. हवा दमट झाली की फुगून बसायची, रुसलेल्या नणंदेसारखी. वजन ठेवल्याशिवाय सरळ होत नसत."

"आणि पुस्तकाच्या कण्यात काय भरलंय?"

"रद्दी! जुने कारागीर हाताला लागेल तो कागद खळ लावून चिकटवत. मीही तेच केलं."

"हा उसवायचा झाला तर?"

"नाव काढू नका! तीनशे वर्षं..."

बाईंनी नमुना खाली ठेवला. "मग काम कसं देऊ? आमचा ग्रंथ आधी उसवायचाय, एकही कागद न फाडता. बांधणारे काय, पुष्कळ भेटले."

बुवांचं तोंड खळ गिळल्यासारखं झालं. तेवढ्यात बायको आली.

"अहो, डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिलेली माझ्या चष्म्याची चिठ्ठी पाहिलीत? इथं टेबलावर होती."

"कधी?"

"तुम्ही खळ शिजवलीत त्या दिवशी."

बुवांनी नमुन्याच्या कण्याकडे पाहिलं. बायकोनेही पाहिलं.

"थांबू म्हणता तीनशे वर्षं?"

बुवांनी नमुना पुढे ओढला. ओलं फडकं कण्यावर ठेवलं. चामडं मऊ पडेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. एवढी शांतता त्या घरात लग्नानंतर प्रथमच झाली असावी. मग हाडाची पातळ पट्टी चामड्याखाली सरकवली, केसाकेसाने पुढे नेली. चिठ्ठी सबंध निघाली. डॉक्टरांचा शिक्कासुद्धा जागचा हलला नव्हता.

बाई उठल्या. "सोमवारी या. ग्रंथ तुमच्याच हाती देते."

प्रसंग मोठा होता. बुवांनी घसा खाकरला. "बाई, कला म्हणजे..."

"कला राहू द्या," बायको चिठ्ठी हातभर लांब धरत म्हणाली. "डाव्या डोळ्याचा नंबर तेवढा मोठ्यानं वाचा बघू."